फांदी तारेला टेकली आहे, की नुसती तशी दिसते?

पावसाळापूर्व छाटणीसाठी एप्रिल-मेमध्ये सोसायट्यांकडून वॉर्ड ऑफिसात जे फोटो जातात, त्यातल्या बहुतेकांचा काही उपयोग होत नाही. मोबाइल वर धरायचा आणि क्लिक करायचं. मग पांढरंफेक आभाळ, काळीकुट्ट पानं आणि त्यांतून गेलेली एक रेघ, एवढंच हाती लागतं. फांदी तारेला टेकली आहे, अलीकडे दोन मीटरवर आहे की पलीकडे चार मीटरवर, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून अर्ज मागे पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे गरज नसलेली फांदी कापली जाते. आम्ही हे फोटो काढतो ते छाटणीच्या अर्जांना जोडायला आणि छाटणीनंतर झाडाचं काय झालं ते बघायला. करता करता जी पद्धत बसत गेली ती इथे मांडतो.

कॅमेऱ्याच्याही आधी बघायचं ते म्हणजे वर दिसणारी तार कसली आहे. मुंबईत हा प्रश्न गमतीचा नाही. शहर भागात आणि उपनगरांच्या मोठ्या भागात वीज जमिनीखालच्या केबलमधून येते. दादर-माटुंग्याच्या गल्लीत पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांमधून लोंबणारी काळी वेटोळी बहुधा इंटरनेटची आणि टीव्ही केबलची असतात. ती एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जातात, मध्येच झाडाला बांधलेली असतात, आणि जिथे जोड असेल तिथे डबी किंवा गुंडाळलेलं भेंडोळं लटकत असतं. त्यांच्या वजनाने झाडाला त्रास होतो हे खरं, पण ती तक्रार वेगळी आणि तिचा फोटोही वेगळा. ‘विजेच्या तारांना फांद्या लागतात’ असं लिहून इंटरनेटच्या वायरीचा फोटो जोडला, की वीज कंपनीचा माणूस येऊन बघून निघून जातो आणि पुढच्या खऱ्या तक्रारीलाही उशीर होतो.

खऱ्या ओव्हरहेड विजेच्या तारा मुलुंड-भांडुपच्या काही भागांत आणि गावठाणांच्या कडेकडेने भेटतात. टाटांच्या उच्चदाब वाहिन्यांचे लोखंडी मनोरे वेगळे. खोपोलीची जलविद्युत १९१५ पासून मुंबईला येते, त्यामुळे या मनोऱ्यांच्या वाटा शहराच्या वाढीपेक्षा जुन्या आहेत आणि वस्ती नंतर त्यांच्या पायथ्याशी आली. विजेचा दाब (व्होल्टेज) ओळखायची सोपी खूण म्हणजे इन्सुलेटरच्या, म्हणजे तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या भागाच्या, थाळीसारख्या डिस्क. खांबावर तारा एकाखाली एक, छोट्या रीळसारख्या इन्सुलेटरवर बसवलेल्या असतील तर ती लो टेन्शन, म्हणजे २३०/४०० व्होल्टची लाइन. आडव्या अँगलवर पिन इन्सुलेटर आणि शेवटच्या खांबावर एक-दोन डिस्क असतील तर ११ केव्ही, म्हणजे ११ हजार व्होल्ट. तीन डिस्कची माळ असेल तर ३३ केव्ही, आठ-नऊच्या आसपास असतील तर ११० ते १३२, आणि चौदाच्या आसपास असतील तर २२०. पीळ घातलेला जाड काळा गुंडाळा असेल तर ती एबी केबल. तिच्यावर इन्सुलेशन असतं, फांदी टेकली म्हणून लगेच ठिणगी पडत नाही, पण वाऱ्यात घासून घासून इन्सुलेशन सोलवटतं. तिथे फोटो अंतराचा काढायचा नसतो, सोलवटलेल्या जागेचा काढायचा असतो.

दाब कळला की किती अंतर धोक्याचं ते ठरतं. वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झाड आणि तार यांच्यातलं किमान अंतर ११ केव्हीला २.६ मीटर, ३३ ला २.८, ११० ला ३.७ आणि २२० ला ४.६ मीटर दिलं आहे. रस्त्यावरच्या झाडाला हे आकडे जसेच्या तसे लावायचे नसले, तरी फोटोत काय मोजायचं आहे याचा अंदाज त्यांवरून येतो. उच्चदाबाला फांदीने तारेला शिवायची गरज नसते, हे त्यातलं मुख्य.

आता मूळ अडचण. फोटो खोली खाऊन टाकतो. आभाळाच्या पाठीवर तर जास्तच, कारण मागे काहीच नसल्यामुळे जवळचं-लांबचं ठरवायला डोळ्याला आधार राहत नाही. त्यावर इलाज एकच. एका फांदीचे दोन दिशांनी दोन फोटो काढायचे आणि ते कायम जोडीनेच वापरायचे.

पहिला तारेच्या काटकोनातून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. यात फांदी तारेच्या वर आहे की खाली, आणि दोघांमध्ये उभं अंतर किती, ते दिसतं. दुसरा तारेच्या रेषेतून, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या खांबाजवळून, लाइनच्या दिशेने बघत. यात सगळ्या तारा एकमेकींत मिसळत लांब जातात आणि फांदी त्यांच्या डावीकडे किती, उजवीकडे किती, हे उघडं पडतं. पहिल्या फोटोत तारेवर चक्क आडवी पडलेली वाटणारी फांदी दुसऱ्यात बाजूला मोकळी उभी दिसते, असं सर्रास होतं. उलटही होतं. दोन्हींत जर ती तारेला लागलेली दिसली, तरच ती लागलेली. दुसऱ्या फोटोसाठी तारेच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, फुटपाथच्या बाजूला दोन पावलं सरकून घ्यायचं. तेवढ्या तिरकेपणाने काही बिघडत नाही.

कागदावर हे सोपं आहे. मुंबईच्या गल्लीत मागे सरकायला जागाच नसते. रस्ता नऊ मीटरचा, कडेला दुहेरी पार्किंग, त्यातून खालून वर बघितलं की खांब मागे कलंडलेला दिसतो आणि उभ्या अंतराचा अंदाज पार चुकतो. म्हणून पहिला फोटो आम्ही शक्यतो समोरच्या इमारतीच्या जिन्यातून काढतो. रस्ता ओलांडणारी लो टेन्शनची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची किमान ६.१ मीटर उंच असावी असा नियम आहे. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधला जिन्याचा टप्पा बरोबर तारेच्या उंचीला येतो. तिथून कॅमेरा आडवा धरता येतो, वर करावा लागत नाही, आणि जे दिसतं ते बरंचसं खरं असतं. वॉचमनला सांगून, सेक्रेटरींना विचारून जायचं. ‘काका, झाडाच्या छाटणीसाठी फोटो काढायचाय, दोन मिनिटं’ एवढं सहसा पुरतं. समोरच्या घरांच्या खिडक्या आणि वाळत घातलेले कपडे फ्रेममध्ये येणारच. ते कापून टाकल्याशिवाय फोटो पुढे पाठवायचा नाही.

मोबाइलने चालेल का, हे सगळे विचारतात. उत्तर गणितात आहे. मोबाइलच्या मुख्य लेन्सच्या १२ मेगापिक्सेल फोटोत ३० मीटरवरची सुमारे ४० मीटर रुंदी ४००० पिक्सेलमध्ये मावते. म्हणजे एका पिक्सेलला एक सेंटिमीटर. ११ केव्हीच्या लाइनवर नेहमी दिसणारी ‘रॅबिट’ तार १०.०५ मिलिमीटर जाडीची, आणि ‘वीझल’ ७.७७ची. तार जेमतेम एक पिक्सेल भरते, मग ती फांदीला लागली आहे की नाही हे कॅमेरा कुठून सांगणार? तिथे तो अंदाज बांधतो, आणि सॉफ्टवेअर त्या अंदाजाला धार काढून खरा असल्यासारखा दाखवतं. फोनला वेगळी ३एक्स लेन्स असेल तर पिक्सेलला साडेतीन मिलिमीटरच्या आत येता येतं, ते कामचलाऊ आहे. बोटांनी ताणून केलेला झूम नको. २४ मेगापिक्सेलचा साधा क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स २०० वर ठेवली, तर ३० मीटरवर फ्रेममध्ये साडेतीन मीटर रुंदी येते आणि पिक्सेलला ०.६ मिलिमीटर पडतो. मग तार तेरा ते सतरा पिक्सेल जाड दिसते, तिचा पीळसुद्धा मोजता येतो. या कामाला महागडी लेन्स लागत नाही. सेकंड हँड ७०-३०० पुरेशी आहे.

मोबाइलचा आणखी एक घोळ म्हणजे एचडीआर. फोन पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. त्यादरम्यान फांदी हलली की पानांना दुहेरी कडा येतात, तार मध्येच तुटल्यासारखी दिसते किंवा एकाच्या दोन होतात. फोनमध्ये एचडीआर, सीन ऑप्टिमायझर वगैरे जे काही बंद करता येतं ते बंद करायचं. अल्ट्रावाइड लेन्स तर अजिबात नको. कडेचा खांब वाकतो आणि अंतराचा अंदाज चुकतो.

एक्सपोजरला आम्ही जरा वेळ देतो. मेमधलं मुंबईचं आभाळ निळं नसतं, धुरकट पांढरं असतं. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा त्या पांढऱ्याला करडं करतो आणि झाड काळं पडतं. म्हणून लोक एक्सपोजर वाढवतात. पानं उजळतात, पण मग आभाळ जळतं आणि त्या उजेडाने बारीक तारेच्या कडा खाल्ल्या जातात. तार आहे त्यापेक्षा बारीक दिसते, कधी तुकड्या-तुकड्यांत दिसते. एका फोटोत दोन्ही साधत नाही. तारेसाठी +०.३ वर एक, आणि पानांसाठी +१.७ च्या आसपास दुसरा. ट्रायपॉड असेल तर ब्रॅकेटिंग लावून कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम घ्यायच्या, पण त्या एकत्र जोडायच्या नाहीत. सुट्ट्याच ठेवायच्या. सूर्य मागे हवा, म्हणजे पूर्व-पश्चिम लाइन असेल तर सकाळीसुद्धा कुठल्या बाजूने काढायचा ते आधी ठरवून जायचं. रॉ (RAW), म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाइल ठेवायची. नाहीच जमलं तर जेपेग चालतं.

फोकस तारेवर बसत नाही. साध्या कॅमेऱ्यांचे कडेचे फोकस बिंदू एकाच दिशेच्या रेषा पकडतात, आडव्या तारेवर ते पुढेमागे शोधत राहतात आणि शेवटी मागच्या इमारतीवर जाऊन बसतात. मधला बिंदू वापरायचा, फोकस इन्सुलेटरवर किंवा खांबाच्या क्लॅम्पवर लावायचा, तो तसाच धरून फ्रेम सरकवायची. एफ/८ वर २०० मिलिमीटरला, ३० मीटरवर फोकस केला तर साधारण २७ ते ३४ मीटरपर्यंतचं स्पष्ट येतं. फांदी आणि तार दोन्ही त्यात मावतात. शटर १/५०० च्या खाली नको, आयएसओ ४०० किंवा ८०० झाला तरी चालेल. दाणे दिसले म्हणून कुणी अर्ज परत केलेला नाही. कडा हललेली असली तर मात्र मोजता येत नाही.

मोजायचं कसं, तर फ्रेममध्ये एक तरी इन्सुलेटर यायलाच हवा. नेहमीची डिस्क २५५ मिलिमीटर व्यासाची असते. संगणकावर फोटो १०० टक्के करून डिस्कची रुंदी पिक्सेलमध्ये मोजायची, मग फांदी आणि तार यांच्यामधली फट मोजायची. डिस्क ६० पिक्सेल आणि फट ३०० पिक्सेल असेल, तर पाच डिस्क, म्हणजे सव्वा मीटरच्या किंचित वर. ही मापं तेव्हाच खरी, जेव्हा फांदी आणि डिस्क कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील. फांदी कॅमेऱ्याकडे पुढे आलेली असेल तर फट मोठी मोजली जाते आणि माणूस निर्धास्त होतो. तारेच्या रेषेतला दुसरा फोटो इथेही लागतो. डिस्क नसेल तर खांब वापरायचा. ८ मीटरचा सिमेंटचा खांब साधारण दीड मीटर जमिनीत असतो, वर साडेसहा राहतो. पण फुटपाथ दर दोन-चार वर्षांनी वर चढणाऱ्या आपल्या शहरात या साडेसहावर फार भरवसा ठेवू नये.

वेळ. सकाळी सात-साडेसातला वारा पडलेला असतो, फांद्या स्थिर असतात, मोजमापाचा फोटो तेव्हाचा. दुपारी दोन ते चार मात्र मुद्दाम पुन्हा जायचं. एक तर समुद्रावरचा वारा सुटलेला असतो. शिवाय ऊन आणि घराघरातल्या एसीचा लोड, दोन्हींनी तार तापलेली असते. पन्नास मीटरच्या गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, तारेची लांबी फार तर दोन-तीन सेंटिमीटर वाढते, पण झोळ त्याच्या कितीतरी पट वाढतो. सकाळी फांदीच्या वर मोकळी असलेली तार दुपारी गाळ्याच्या मधोमध खाली उतरलेली असते. म्हणून खांबाजवळची फांदी जवळ दिसली तरी एकवेळ चालेल, गाळ्याच्या मध्यावरची जास्त बघायची. दुपारी फोटोबरोबर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओही घेतो, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर टेकवून. फांदी कुठवर झुलते ते त्यात दिसतं. सगळ्यात जास्त झुकलेली फ्रेम काढून सकाळच्या फोटोशेजारी ठेवली की वेगळं काही लिहावं लागत नाही.

नारळाला हे लागू नाही. त्याची झावळी झुलते कमी आणि पडते जास्त. चार-पाच मीटरची वाळकी झावळी एका वेळी दोन तारांवर आडवी पडू शकते. तिथे आजचं अंतर मोजण्यात अर्थ नाही. वाळक्या, लोंबत्या झावळ्या आणि त्यांच्या खालची लाइन एकाच फ्रेममध्ये दाखवायची. सुबाभूळ आणि बांबू यांचा फोटो मेमध्ये निरुपद्रवी दिसतो. पहिल्या पावसानंतर ते किती भराभर वर येतात हे ज्याला ठाऊक आहे तो जुलैत पुन्हा काढतो.

सर्वांत बोलका पुरावा मात्र अंतराचा नसतो, जळक्या पानांचा असतो. लेन्स पूर्ण ३०० वर नेऊन तारेलगतचे शेंडे बघत जायचे. फांदी खरोखर लागत असेल तर तारेच्या उंचीवरच, तारेकडच्या बाजूलाच पानांची टोकं करपलेली असतात, डहाळीच्या सालीवर काळा ठिपका असतो किंवा घासून गुळगुळीत झालेला पट्टा असतो. रोगाने किंवा पाण्याअभावी वाळलेली पानं अशी एका ओळीत येत नाहीत, सगळ्या फांदीभर विखुरलेली असतात. गुलमोहरावर हे ओळखणं अवघड, कारण उन्हाळ्यात त्याची पानं तशीही झडलेली असतात. तिथे सालीवरचा डागच शोधायचा. लो टेन्शनच्या उघड्या तारांमध्ये फांदी घुसलेली असेल तर ती दोन तारा एकमेकींवर ढकलते का तेही बघायचं. वाऱ्याबरोबर दिवे लुकलुकतात अशी तक्रार असेल तिथे बहुधा हेच चाललेलं असतं. याच वेळी घरटी दिसतात. एप्रिल ते जून कावळ्यांचा विणीचा हंगाम असतो, आणि पावसाळ्यात मोठ्या पर्जन्यवृक्षांवर वंचकांची, म्हणजे छोट्या बगळ्यांची, वसाहत असते. घरटं असेल तर त्याचा वेगळा फोटो काढून अर्जात ठळक लिहायचं. म्हणजे ती फांदी नंतर कापायची की तेवढीच सोडून बाकीची छाटायची, हे छाटणाऱ्यांना आधीच ठरवता येतं.

रेल्वेलगतच्या झाडांबद्दल थोडक्यात. १९२५ मध्ये व्हीटी-कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर. आता पश्चिम रेल्वेवर २०१२ पासून आणि मध्य व हार्बरवर २०१६ पर्यंत सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी आलेलं आहे. जुन्या सवयीने ‘इतकी जवळ तर फांदी नेहमीच असते’ असं म्हणणारे लोक अजून भेटतात, त्यांना हा आकडा सांगावा. या तारेपासून दोन मीटरच्या आत काहीही, छत्रीचं टोकसुद्धा, येता कामा नये. गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ जिला घासतो ती खालची तार वजनं लावून ताणलेली असते, त्यामुळे उन्हाने तिला फारसा झोळ येत नाही, म्हणून दुपारचा दुसरा फोटो इथे फक्त वाऱ्यासाठी. आम्ही हे फोटो कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरूनच काढतो, रुळांच्या हद्दीत पाऊल टाकत नाही, आणि शेजारच्या विद्युत खांबाचा क्रमांक फ्रेममध्ये घेतो. तेवढ्यावरून रेल्वेच्या माणसांना जागा सापडते.

लाइनजवळ काय करू नये हे लिहावं लागतं, कारण लोक करतात. सेल्फी स्टिक, अॅल्युमिनियमचा मोनोपॉड, शिडी आणि गच्चीच्या कठड्यावर चढणं, सगळं बाद. ड्रोनही बाद. परवानगीचा प्रश्न आहेच, पण तो तारेत अडकला तर फांदीने न केलेलं काम तो करतो. पाऊस सुरू झाल्यावर झाडाखाली उभं राहून फोटो काढायचा नाही, ओली फांदी वीज वाहून नेते. ट्रॉम्बेच्या बाजूला कॅमेरा कुठल्या दिशेला रोखतो आहोत ते बघायचं. भाभा अणुसंशोधन केंद्र, रिफायनरी, विजेचं रिसीव्हिंग स्टेशन यांच्या भिंती फ्रेममध्ये आल्या की समजावत बसावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर नुसता टाकला तर तो दाबला जातो आणि तारीख-वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. फाइलच्या नावात तारीख, रस्ता, खांब क्रमांक आणि दिशा: ‘काटकोन’ किंवा ‘रेषेत’. अर्जाला ए-४ कागदावर दोन फोटो शेजारी, बाण पेनाने काढलेला, खाली झाडाची जात. उजेड थोडा कमी-जास्त केला तर चालतो. काही पुसलं, गुळगुळीत केलं, फिल्टर लावला, तर तो फोटो अर्जासाठी संपला. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडं संरक्षण कायद्याप्रमाणे सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. अर्ज वॉर्डच्या उद्यान खात्याकडे जातो. लाइनला लागलेल्या फांदीसाठी वीज कंपनीला खांब क्रमांकासह वेगळं कळवायचं, कारण लाइन बंद केल्याशिवाय तिथे कोयता चालवायचा नसतो. फांदी तुटून लटकत असेल तर अर्ज-बिर्ज नाही, सरळ महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन.

छाटणी झाली की आम्ही त्याच जिन्यातून, त्याच लेन्सवर, त्याच आकड्याला पुन्हा एक जोडी काढतो. यात तारेजवळचा भाग बघायचा नसतो, संपूर्ण झाड बघायचं असतं. तारेच्या बाजूचं सगळं कापून दुसरी बाजू तशीच ठेवली असेल तर झाडाचा तोल गेलेला तारेच्या रेषेतल्या फोटोत स्पष्ट दिसतो, आणि असंच झाड जुलैच्या वाऱ्यात मुळासकट कलतं. दुसऱ्या बाजूचं वजन थोडं कमी करा, हे सांगायला पाऊस लागायच्या आधीचे काही दिवस मिळतात. खुंट ठेवून कापलेल्या फांद्यांची तिसरी जोडी सप्टेंबरअखेरीस. सोनमोहर आणि पर्जन्यवृक्षाला त्या खुंटातून सरळ वर जाणारे धुमारे झुपक्याने फुटतात आणि त्यांचा सांधा कच्चा असतो. पुढच्या एप्रिलच्या अर्जात कुठली फांदी लिहायची ते या फोटोंवरून ठरतं.